भिंतीवरचं बाळ

आमच्या केंद्राच्या हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'चित्रकार' असा होता, पण शिपायापासून डॉक्टरबाईंपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. सोलापुरात वयानं मोठा आणि अंगानं वाळका असा कुणीही माणूस आपोआप मामा होतो. हे मामा तर इतके वाळके होते की उन्हात उभे राहिले तर त्यांच्यापेक्षा त्यांची सावली अंगानं भरलेली वाटायची.

मी तिथं नर्स म्हणून रुजू झाले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. बाविशीची होते. मंगळवेढ्याहून एस.टी.नं आले होते आणि शहरात नोकरी मिळाली म्हणून हवेत होते. विणकरांच्या वस्तीला लागून एका ट्रस्टचं हे माता-बाल केंद्र. पुढं तपासणीच्या खोल्या, मागं पत्र्याची एक शेड, आणि त्या शेडमध्ये मामा आणि त्यांचे रंग. लस टोचून घ्या, पाणी उकळून प्या, असल्या पाट्या आणि पोस्टर्स ते रंगवत. ब्रश पुसायला वेगळं फडकं त्यांनी कधी ठेवलं नाही. पॅन्टीलाच पुसत. त्यामुळे त्यांच्या पॅन्टीवरून आम्हाला कळायचं की सध्या कुठल्या रोगाविरुद्ध मोहीम चालू आहे.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी माझी ओळख करून दिली. मामांनी नमस्कार केला नाही की बसा म्हटलं नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिले, एखादी भिंत रंगवायला घेण्याआधी बघावी तसं. मग म्हणाले, "मानेला लावायचं राहिलं की, सिस्टर."

मी सावळी. घरातून निघताना चेहऱ्यावर पावडरचा चांगला थर दिला होता. मासिकात जाहिरात यायची ना, गोऱ्यापान मुलीची, तिच्यासारखाच हनुवटीपर्यंत. मान तशीच राहिली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरबाई "मामा!" म्हणून ओरडल्या. मामा मात्र गोंधळले. आपण काय वाईट बोललो ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. थोड्या वेळानं ते हातात पत्र्याचा तुकडा घेऊन तपासणीच्या खोलीत आले. पत्र्यावर ओल्या रंगाचा एक ठिपका होता. तो त्यांनी माझ्या मनगटाशेजारी धरला. हुबेहूब माझा रंग.

"ह्यो रंग तयार मिळत न्हाई," ते म्हणाले. "तांबडा, पिवळा, काळा, जरासा निळा. चार डब्या उघडाव्या लागल्या. गोरा रंग करायला दोन डब्या बास हुत्यात."

ही त्यांची माफी होती. पुढं मी पावडर लावणं सोडलं असं मात्र नाही. मानेलाही लावू लागले.

मामांचं वागणं असं होतं. चित्रात हसणारी बाई काढायची असली की काढता काढता स्वतः हसायचे, तापानं फणफणलेला माणूस काढताना स्वतः कण्हायचे. शेडच्या खिडकीतून बघणाऱ्या नव्या बायका घाबरून आम्हाला विचारायच्या, "तो माणूस बरा हाय न्हवं?" समोरच्या चहाच्या टपरीवर रेडिओ असायचा. गाण्यांच्या मधे जाहिराती लागल्या की मामा त्यांना उत्तरं द्यायचे. रेडिओतली बाई म्हणायची, काळेभोर, लांबसडक केस हवेत? मामा डोक्यावरची टोपी काढून तुळतुळीत टक्कल रेडिओपुढं करायचे आणि विचारायचे, "कुटं लावू, ते सांगा आधी." टपरीवाला पोट धरून हसायचा. मामा हसायचे नाहीत. उत्तराची वाट बघितल्यासारखे थांबायचे आणि मगच टोपी घालायचे.

त्यांच्या खोलीत मी एकदा गेले होते, ते तापानं पडले होते तेव्हा. एकटेच राहायचे. भिंतीला दोन खिळे आणि त्यांच्या मधे ताणलेल्या तीन स्प्रिंगा, त्यावर वाळत घातलेला बनियन. मी विचारलं, हे काय? तेव्हा त्यांनी सांगितलं की तरुणपणी एका मासिकात पिळदार छातीच्या पैलवानाचं चित्र आलं होतं. तीन महिन्यांत तुमचीही छाती अशी होईल, पत्र पाठवा. मामांनी पाठवलं. पोस्टानं ह्या स्प्रिंगा आल्या.

"मग? ओढल्या का तुम्ही?"

"वरीसभर ओढल्या. सकाळ-संध्याकाळ." ते छताकडे बघत म्हणाले. "छाती हाय तेवढीच ऱ्हायली. पण त्या वर्षात एकदाबी गावच्या तालमीत गेलो न्हाई, का नदीवर पोहाय गेलो न्हाई. चारचौघांत अंग उघडं कराय लाजच वाटाय लागली. आधी वाटत नव्हती, सिस्टर. आधी मला ठावंच नव्हतं का मी वाळका हाय."

एवढं सांगून ते कुशीवर वळले. मी ताप पाहिला आणि गोळी दिली. ह्या गोष्टीत काही खोल आहे असं मला त्या दिवशी वाटलं नाही. म्हातारा गमतीशीर आहे एवढंच वाटलं.

आता त्या भिंतीचं सांगते.

केंद्रातून बाहेर पडून वस्तीत शिरलं की वळणावर एका कारखान्याची लांबलचक भिंत होती. नव्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे बाळांच्या दूध-पावडरीची एजन्सी होती. त्यानं ती भिंत भाड्यानं घेतली आणि मामांना रंगवायला सांगितली. कामाचे तास सोडून बाहेरचं काम करायला ट्रस्टची मनाई नव्हती. मामांनी आठ दिवस खपून तिथं एक बाळ काढलं. दोन माणसं उभी राहतील एवढं उंच. गुलाबी गाल, दंडाला तीन-तीन वळ्या, गुडघ्याला खळ्या, आणि दोन्ही हात पुढं केलेले पावडरीच्या डब्याकडे. डब्यावर छापलेल्या चित्रावरूनच काढलं होतं, पण डब्यावरचं बाळ निर्जीव होतं आणि मामांचं बाळ जिवंत होतं. सायकलवरून जाणारे लोक पाय टेकून थांबत. बायका कडेवरची पोरं त्याच्याशेजारी धरून बघत आणि हसत. मामांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या कामाकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं. लस टोचून घ्या ही पाटी बघायला कोण थांबतंय? त्या दिवसांत चहाला जाताना ते मुद्दाम वळसा घालून त्या भिंतीवरून जायचे.

आमचं केंद्र दर वर्षी सुदृढ बालकांची स्पर्धा भरवायचं. सगळ्यात जाड बाळ पहिलं. त्या वर्षी व्यापाऱ्यानं बक्षिसं दिली : पावडरीचे डबे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी स्वतः ते डबे आयांच्या हातात दिले. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण दिले हे खरं आहे.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, उन्हाळ्यात, एका दुपारी एक बाई बाळाला घेऊन धावत आली. विड्या वळणाऱ्यांपैकी होती, तेलुगू घरातली, वीस-एकवीस वर्षांची. चालता माग तसाच सोडून नवराही मागोमाग आलेला. बाळ पाच महिन्यांचं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तीन दिवस जुलाब. डॉक्टरबाईंनी बघता क्षणी टांगा बोलावला आणि मला सोबत देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाळाला सलाईन लागलं. दोन दिवस कुणी काही खात्रीनं बोलेना.

त्या बाईला मी विचारलं, "अंगावर पाजत नव्हतीस का?"

ती म्हणाली, "पाजत हुते की सिस्टर. चार महिने पाजलं. पन माझं दूध पातळ हाय, पान्यासारखं. पोर भरंना."

"कुणी सांगितलं पातळ आहे म्हणून?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या दाराम्होरं ते भिताडावरचं बाळ हाय न्हवं. दिसभर सूप मांडीवर घिऊन विड्या वळत बसते, ते म्होरं दिसतंय. म्या माझ्या पोराकडं बघायची, मग त्येच्याकडं. माझं असलं का न्हाई? मग ह्यास्नी डबा आनाय लावला."

एक डबा महिना-दीड महिना पुरवायचा म्हणून ती बाटलीभर पाण्यात चमचाभर पावडर टाकत होती. पाणी वस्तीतल्या नळाचं, न उकळलेलं. बाटली एकच. ती विड्यांच्या सुपाशेजारीच पडलेली असायची.

संध्याकाळी केंद्रात येऊन मी हे सगळं डॉक्टरबाईंना सांगत होते. मामा दारात नवीन पाटी घेऊन उभे होते, ते माझ्या लक्षात आलं नाही.  त्यांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर मामा खाटेशी उभे. बाळाकडे बघत होते. त्यांची ती नेहमीची नजर, पण तोंड मात्र स्थिर. चित्र काढताना ज्या चेहऱ्याकडे बघत तसं तोंड करायचे ते मामा, त्या दिवशी त्यांचा चेहरा हललाच नाही. बाळाच्या आईला ते कोण हे माहीत नव्हतं. तिला वाटलं दवाखान्यातलंच कुणीतरी आहे. तिनं हात जोडले आणि रडायला लागली. वस्तीत आयुष्य काढल्यामुळे मामांना मोडकंतोडकं तेलुगू यायचं. ते म्हणाले, "एडवकम्मा," म्हणजे रडू नको बाई. आणि पुढं मराठीतच म्हणाले, "ते भिताडावरचं हाय न्हवं, ते कुनाचंच न्हाई. म्या काढलंय. त्येला आई न्हाई, बाप न्हाई. ते दूधच पीत न्हाई, पोरी."

तिला किती कळलं कोण जाणे. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

बाळ वाचलं. डॉक्टरबाईंनी त्या मुलीला रोज केंद्रात बसवून पुन्हा अंगावर पाजायला लावलं. दूध गेलंय असं ती म्हणत होती; आठ-दहा दिवसांत ते परत आलं. पण मामांचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

आजारपण सोडलं तर नोकरीत कधी रजा न घेतलेले मामा त्या आठवड्यात एक दिवस आले नाहीत. दुपारी शिपाई हसत हसत सांगत आला, "मामा भिताडावर चढल्यात." मी आणि डॉक्टरबाई गेलो. शिडीवर मामा, डोक्याला फडकं, खाली पन्नास-साठ माणसं. डबा त्यांनी पुसून टाकला होता. बाळाचे हात रिकाम्या जागेकडे पसरलेले, आणि त्या जागी ते एक बाई काढत होते. विड्या वळणारी, वाळकी, काळी. बाळाचा गुलाबी रंगही निम्मा खरवडलेला. खाली कुजबुज चालली होती. एक जण मोठ्यानं म्हणाला, "मामा, चांगलं हुतं की वो, कशाला नासवताय?"

तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस सायकलवर आला. "मामा, उतरा खाली! भिंत आमची हाय."

"भिताड तुमचं, चित्र माझं," मामा वरूनच म्हणाले.

"चित्राचे पैसे घेतल्यात तुमी!"

 मामांनी ब्रश पॅन्टीला पुसला आणि ते सावकाश एक-एक पायरी उतरले. बाईचा चेहरा अर्धाच झाला होता. दोन दिवसांनी व्यापाऱ्यानं भिंतीला चुना दिला आणि पंढरपूरकडच्या दुसऱ्या पेंटरकडून नवीन बाळ काढून घेतलं. ते मामांच्या बाळापेक्षाही जाड होतं, आणि नवा डबा दुप्पट मोठा.

ट्रस्टच्या सभेत तक्रार आली. मामांना समज मिळाली. डॉक्टरबाईंनी त्याच सभेत सांगितलं की यापुढं स्पर्धेला डब्यांची बक्षिसं मी घेणार नाही. विश्वस्त म्हणाले, फुकट मिळतंय ते कशाला नाकारता? बाई म्हणाल्या, मग स्पर्धाच नको. स्पर्धा बंद झाली. व्यापारी नाराज झाला, दोन विश्वस्त नाराज झाले, आणि आमच्या नव्या वजनकाट्याची मंजुरी दोन वर्षं लांबली.

मामा महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. टपरीवरच्या रेडिओलासुद्धा नाही. टपरीवाला काळजीनं मला विचारून गेला. मग एका गुरुवारी, बाळांच्या तपासणीच्या दिवशी, ते कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले. बायका रांगेत बसलेल्या. मामांनी पहिल्या बाईच्या मांडीवरचं बाळ काढायला घेतलं. हसणारं बाळ असेल तर हसत, किरकिरं असेल तर ओठ काढत. दहा मिनिटांत चित्र झालं. जसं होतं तसं : शेंबूड असेल तर शेंबडासकट, काजळाच्या तिटेसकट. खाली मी त्या दिवशीचं वजन लिहून द्यायचं, असं त्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

"म्हैन्यानं या," ते त्या बाईला म्हणाले, "फुडचं काढतो."

बायका पुढच्या महिन्यात आल्या. तपासणीला एरवी ज्या दोनदा बोलावूनही येत नसत, त्या चित्रासाठी आल्या. दवाखान्यातून वाचलेल्या त्या बाळाची आईसुद्धा यायची. पहिलं चित्र बघून तिचा नवरा म्हणाला होता, "असलं वाळकं चित्र कुनी घरात लावतंय व्हय?" तिनं ते सुपाखाली ठेवलं. दुसरं आलं, तिसरं आलं. एकदा मी तिच्या घरी लस द्यायला गेले, तर तोवर झालेले सातही कागद तिनं खळ लावून भिंतीवर ओळीनं चिकटवले होते. शेजारणीला ती बोटानं दाखवत होती : हे बघ, हितं हात उचलला, हितं बसाय लागलं, हितं दोन दात. दाराबाहेर, रस्त्यापलीकडं, ते नवीन जाडं बाळ होतंच. ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

यानं वस्तीतले डबे बंद झाले असं मी म्हणणार नाही. कमी झाले का, तेही सांगता येत नाही. आम्ही मोजलं नाही. माझंच सांगते, म्हणजे कळेल.

चार वर्षांनी, तोवर माझं लग्न झालेलं होतं, मला मुलगी झाली. बारीक, माझ्याच रंगाची. बघायला येणाऱ्या बायका पाळण्यात वाकायच्या आणि क्षणभर गप्प होऊन मग म्हणायच्या, "होईल हं, बाळसं धरेल." सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या काळजीला धीर नव्हता. दीड महिना झाला तरी पोरगी भरेना म्हणून त्यांनी नव्या पेठेतून डबा आणला. मी, शेकडो बायकांना रागावलेली नर्स, मी त्यांना नाही म्हणू शकले नाही. खरं म्हणजे मला म्हणायचं नव्हतं. आरशासमोर उभी राहून मी माझ्या सपाट अंगाकडे बघायची आणि मला वाटायचं, हिच्यात कुठलं आलंय दूध? तीन दिवस मी मुलीला बाटली देत होते. सुशिक्षितपणे देत होते : पाणी वीस मिनिटं उकळून, चमचा सपाट भरून. आणि माझं अंग दुखत होतं, गच्च भरून आलं होतं, तरी मला माझं दूध खोटं वाटत होतं आणि डब्यावरचं चित्र खरं.

चौथ्या दिवशी दुपारी मामा आले. तेव्हा ते निवृत्त झाले होते, दम्यानं अजून वाळले होते. हातात कागद आणि पेन्सिल. सासूबाईंनी त्यांना चटई टाकली. मामांनी घरात नजर फिरवली. फडताळावरचा डबा त्यांना दिसला, हे मला दिसलं. माझे कान तापले. आता हे म्हातारं काय बोलतंय याची मी वाट बघत राहिले.

 मामा पाळण्याशी बसले आणि पोरीकडे बघू लागले. पोरगी भुकेली होती, रडायला लागली. मामांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रडतीय की," ते म्हणाले. "अशी हलती काढता येत न्हाई. मी ह्या अंगाला तोंड करून बसतो. घ्या तुमी पदराखाली. माझी घाई न्हाई."

आणि ते खरंच वळून भिंतीकडे तोंड करून बसले. खिशातून पातं काढलं आणि पेन्सिलीला टोक काढू लागले. मी बाटलीकडे पाहिलं, त्यांच्या पाठीकडे पाहिलं. सदऱ्यातून पाठीचा एकेक मणका मोजता येत होता. मी मुलीला उचललं. तिनं आधी दोनदा तोंड फिरवलं, बाटलीची सवय लागली होती. मी थांबले. तिसऱ्यांदा ती चिकटली, आणि दुधाची धार इतक्या जोरात आली की तिला ठसका लागला.

मामांनी त्या दुपारी पेन्सिलीला किती वेळ टोक काढलं, देव जाणे. त्यांच्यापुढं लाकडाच्या कपच्यांचा छोटा ढीग झाला होता. पोरगी झोपल्यावर मी म्हटलं, "मामा, वळा." ते वळले आणि चित्र काढलं. झोपलेली, तोंडाच्या कोपऱ्यात दूध, बरगड्या जशा होत्या तशा. एक रेघसुद्धा त्यांनी गुटगुटीत केली नव्हती.

कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "बारीक हाय. पन तुमची हाय की."

मग उठताना त्यांना दम लागला, म्हणून मी त्यांना थोडा वेळ तिथंच बसवून ठेवलं.